पेशंट कोण?

लग्नाचं त्याने मला विचारलं नाही, मीच त्याला विचारलं. तेही कँटीनच्या मागच्या दारात, रिकाम्या गॅस सिलिंडरच्या रांगेशेजारी उभं राहून. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि अंधेरी पूर्वेला एका कंपनीच्या कँटीनचं स्टोअर सांभाळत होते. अजूनही सांभाळते. तो आमच्याकडे लाकडी काउंटर बसवायला आला होता. एरवी तो गोरेगावला स्टुडिओत सेट उभे करतो, म्हणजे चार दिवस खपून बंगला बांधायचा आणि शूटिंग संपलं की स्वतःच्याच हाताने पाडायचा. काउंटरचं काम चार दिवसांचं होतं, ते त्याने अकरा दिवस चालवलं. मी काही खुळी नाही, मला सातव्या दिवशीच कळलं होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, मीही मिस्त्रीच म्हणते. तो मला अजून मॅडम म्हणतो, आणि ते मुद्दाम चिडवायला.

त्या दिवशी तो सरळ नाही म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला. दोन दिवसांनी फोन करून मला मेट्रो स्टेशनखाली बोलावलं आणि कारण सांगितलं. त्याच्या रक्तात एचआयव्ही होता. कळून चार महिने झाले होते, उपचार सुरू होऊन तीन. कुठून आला, कसा आला, हेही त्याने न विचारता सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ज्याला ते कळल्याशिवाय पुढे वाचवत नाही, त्याने खुशाल इथेच थांबावं.

मी तेव्हा काय बोलले ते आठवत नाही. परत येऊन आचाऱ्याला तूरडाळीच्या जागी चणाडाळ मोजून दिली एवढं आठवतं, कारण त्यावरून दुपारी कँटीनमध्ये बोंबाबोंब झाली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा राग जास्त आला, की इतक्या वर्षांनी एक माणूस भेटला, ज्याच्याशी बोलताना मला घड्याळ बघावंसं वाटत नाही, आणि तोच मागे सरतोय.

मी त्याच्याबरोबर त्याच्या डॉक्टरांकडे गेले. सरकारी केंद्र, बाहेर गर्दी, आत एक दमलेले पण शांत डॉक्टर. त्यांनी कागदावर रेघा मारून समजावलं. गोळ्या नेमाने घेतल्या की विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसेनासा होतो, आणि तसाच राहिला की नवऱ्याकडून बायकोकडे तो जात नाही. मिस्त्रीचा रिपोर्ट अजून तिथवर आला नव्हता. तोवर कंडोम आहेच. शिवाय एक गोळी असते, जिला आजार नाही तिने रोज घ्यायची, म्हणजे आजार लागत नाही. ‘ती मात्र आमच्याकडे मिळत नाही,’ ते म्हणाले, ‘आमच्याकडे आजार झालेल्यांची औषधं असतात. तुम्हाला बाहेर बघावी लागेल.’

बाहेर आल्यावर मिस्त्रीने अट घातली. ‘ती गोळी मिळव. पहिली बाटली नीट निभली, तुला काही त्रास झाला नाही, की दुसऱ्या दिवशी रजिस्टर ऑफिसात लग्नाची नोटीस देऊ. नाहीतर माझा रिपोर्ट चांगला येईपर्यंत थांबू.’

त्याचं थांबणं मी ओळखून होते. तो थांबला असता तर हळूहळू फोन कमी झाले असते, मग सणासुदीला एखादा मेसेज, मग तोही नाही. पहिल्या नवऱ्याला मी स्वतः सोडलं होतं, त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. हा माणूस चांगुलपणाने मला सोडून जाणार होता, आणि चांगुलपणाशी भांडायचं कसं ते मला येत नव्हतं. म्हणून ती गोळी मिळायलाच हवी होती.

पहिल्यांदा गेले घाटकोपरला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. माझ्या गोवरापासून आईच्या शेवटच्या तापापर्यंत सगळं त्यांनी पाहिलेलं. मी गोळीचं नाव लिहिलेला कागद पुढे केला.

‘पेशंट कोण?’ त्यांनी विचारलं.

‘पेशंट कोणी नाही.’

‘मग ही कोणाला?’

‘मला. आजार होऊ नये म्हणून.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्या मागे दार नीट लागलंय का ते पाहिलं. ‘या गोळ्या वेगळ्या लोकांसाठी असतात गं,’ ते म्हणाले, ‘तू चांगल्या घरातली. तुला काय गरज?’ मी म्हटलं, डॉक्टर, चांगल्या घरातल्या बायकांना काय वेगळं रक्त असतं का? त्यावर ते हसले, माझं बीपी बघितलं, आणि लोह, कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. थकवा जाईल म्हणाले. मला थकवा नव्हता. कॅल्शियम तेवढं घेतलं, गुडघे दुखतच होते.

मग ठरवलं, ओळखीचं ठिकाण नकोच. अंधेरीला कँटीनपासून दोन बस स्टॉप लांबचं मेडिकल गाठलं. तिथल्या माणसाने कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मालकाला ओरडून औषधाचं नाव सांगितलं. मालक तिथूनच ओरडला, ‘पेशंट कौन है? पर्ची किधर है?’ माझ्या शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक गृहस्थ होता, तो खोकायचा थांबला. मी म्हटलं, पेशंट कोई नहीं है, इसीलिए तो चाहिए. कोणाला काही कळलं नाही. मी चार क्रोसिन घेऊन बाहेर पडले. हातात काहीतरी घेऊन निघालं की इज्जत राहते असं मला का वाटलं, कोण जाणे.

तिसरं ठिकाण एका संस्थेचं केंद्र होतं, तिथे काही लोकांना ही गोळी देतात असं कानावर आलं होतं. तिथली समुपदेशक बाई चांगली होती. माझ्यापेक्षा लहान, केस वर बांधलेले, टेबलावर डबा अर्धा खाल्लेला. तिने मला पाणी दिलं, दार लावून घेतलं, आणि एक फॉर्म काढला. फॉर्मवर चौकोन होते. यातल्या कोणत्या गटात तुम्ही बसता त्यावर खूण करायची. मी सगळे चौकोन वाचले. एकातही मी बसत नव्हते. शेवटून दुसरा होता, ज्यांचा नवरा किंवा बायको पॉझिटिव्ह आहे त्यांचा.

‘हा करा ना,’ मी म्हटलं.

‘लग्न झालंय?’

‘गोळी मिळाली की होणार आहे.’

तिने पेन खाली ठेवलं. ‘लग्नाचा काहीतरी पुरावा लागतो ताई,’ ती म्हणाली. ‘लग्न झालं की या.’

म्हणजे लग्न झाल्याशिवाय गोळी नाही आणि गोळी मिळाल्याशिवाय लग्न नाही. मी डोक्याला हात लावला. तीही हसायला लागली, मग दोघी बराच वेळ हसलो. इतक्या दिवसांत मी या विषयावर पहिल्यांदा हसत होते. हसून झाल्यावर तिने फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूला मुलुंडच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता लिहिला. म्हणाली, फॉर्म मला भरून घेता येत नाही, पण पत्ता देता येतो.

संध्याकाळी मी हे मिस्त्रीला फोनवर सांगितलं. तोही आधी हसला. मग म्हणाला, ‘बघ मॅडम, तीन ठिकाणी नाही म्हणाले. देवाच्याही मनात नाही.’

‘देवाने तो फॉर्म बनवलेला नाही,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मुलुंडला शनिवारी दुपारी गेले. पहिल्या मजल्यावरचा लहानसा दवाखाना, शिडीसारखा जिना. डॉक्टरबाई पंचेचाळिशीच्या, माझ्याच वयाच्या. मी पाठ केलेलं बोलायला लागले, की पेशंट कोणी नाही, मला स्वतःला हवीय, मी चांगल्या घरातली आहे वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, ‘लग्न कधी करायचंय?’

 हा प्रश्न आतापर्यंत कोणी विचारलाच नव्हता.

त्यांनी आधी माझं रक्त तपासलं, आजार नाही ना ते बघायला, आणि मूत्रपिंडाची तपासणी केली. रिपोर्ट चांगले आले. मग चिठ्ठी दिली. रोज एक, ठरलेल्या वेळी, चुकवायची नाही. पहिले काही दिवस मळमळेल, घाबरायचं नाही. दर तीन महिन्यांनी परत रक्त तपासायला यायचं. एवढंच. चिठ्ठी लिहायचं दहा मिनिटांचं काम होतं. त्यासाठी मी महिनाभर वणवण केली होती.

पण गोळी अजून हातात नव्हती. खालच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून मान हलवली, ठेवत नाही म्हणाला, मागवावी लागेल, घरपोच येईल, पत्ता सांगा. कँटीनचा पत्ता देण्यात अर्थ नव्हता. आमच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन प्रत्येक पार्सल उघडून वहीत लिहितो, आत काय आहे त्यासकट. म्हणून मी घरचा पत्ता दिला, आणि दिवसभर मी घरी नसते म्हणून नेहमीच्या सवयीने खाली लिहिलं, ‘शेजारच्या दारात द्यावे.’

माझी वाट लागली ती इथे, आणि ती मी स्वतः लावून घेतली.

शेजारच्या दारात आमच्या काकू राहतात. नात्याच्या नाहीत, पण आई गेल्यापासून मला त्यांनीच बघितलंय. दोघींची गावं देवगड तालुक्यातली. काकू एका मोठ्या हॉस्पिटलात आया होत्या, पूर्ण नोकरी करून निवृत्त झाल्या. एकट्याच असतात, सत्तरीच्या पुढच्या, पाठ अजून सरळ. आमच्या मजल्यावर कोणाचंही पार्सल आलं की काकू घेतात. आणि काकूंची पद्धत अशी की कुरियरवाल्याला दारात उभं करून त्याच्यासमोर पार्सल उघडायचं, वस्तू बघायची, आणि मगच सही करायची. हे मीच त्यांना सांगितलं होतं. एकदा मला साडी आली होती, तिच्या पदरावर तेलाचा डाग, आणि परत घ्यायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा मी म्हटलं होतं, काकू, यापुढे उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. तेव्हापासून त्यांनी माझा एकही डबा, एकही चप्पल न उघडता घेतलेली नाही.

मी हे पार विसरले होते. मेट्रोतून उतरून घरी पोचले तर काकूंनी खोकं माझ्या हातात दिलं. पुन्हा चिकटपट्टी लावलेलं, कडा नीट दाबलेल्या. एरवी त्या म्हणतात, ‘बघलंय गो, बरां असा.’ त्या दिवशी काही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, दमल्या असतील.

दुसऱ्या सकाळपासून मी गोळी सुरू केली. सकाळी सात वाजता, चहानंतर. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे मळमळ सुरू झाली आणि तीन-चार दिवस सकाळी उलट्या झाल्या. आमच्या आणि काकूंच्या मोरीमधली भिंत एका विटेची आहे. मला त्यांचा रेडिओ ऐकू येतो, त्यांना माझी उलटी ऐकू आली असणारच. एरवी मला साधी शिंक आली तरी त्या आल्याचा तुकडा घेऊन दारात यायच्या. त्या चार दिवसांत एकदाही आल्या नाहीत.

मळमळ थांबली. पोट शांत झालं म्हणून मी खुशीत शेवयांची खीर केली आणि वाटीभर काकूंना नेऊन दिली. आमच्या मजल्यावर कोणाची वाटी कोणी रिकामी परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामी नाही. काकू तर भांड्यात निदान दोन आमसुलं टाकतात. त्या दिवशी वाटी परत आली ती रिकामी. राखेने घासल्यासारखी लख्ख, आतून कोरडी पुसलेली. काकूंनी ती दाराबाहेर माझ्या पायपुसण्याशेजारी ठेवली होती. आणि जिन्याच्या कोपऱ्यात ओल्या कचऱ्याची त्यांची बादली असते, तिच्यात वर शेवया दिसत होत्या.

मी ती वाटी घेऊन ओट्याशी उभी राहिले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पार्सल उघडणं, वॉर्डातली नोकरी, भिंतीपलीकडची उलटी. काकूंनी बाटली ओळखली होती. तीच औषधं त्यांनी वॉर्डात बघितली होती, त्या काळात, जेव्हा ती घेणाऱ्यांना कोपऱ्यातली खाट देत असत. आजार न होण्यासाठीही तीच गोळी घेतात हे त्यांना कोण सांगणार? त्या समजल्या होत्या की आजारी मी आहे.

मला सणकून राग आला. ज्या बाईने माझ्या आईचं अंग पुसलं, ती माझी खीर बादलीत टाकते. असं वाटलं की आत्ता जाऊन दार ठोकावं आणि सांगावं, की मला काही झालेलं नाही, हा माझा रिपोर्ट. रिपोर्ट कपाटातच होता, काढलाही. पण पुढे काय? मला काही झालेलं नाही, मग गोळी कशाला? काकू मूर्ख नाहीत. दर रविवारी माझ्याकडे कोण जेवायला येतो ते त्यांनी बघितलं होतं. त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने कुळथाची पिठी वाढली होती, त्याच्याकडून खिडकीची कडी बसवून घेतली होती. मी एक वाक्य बोलले असते तर त्याचं गुपित फुटलं असतं. आणि ते गुपित त्याने माझ्या हातात दिलं होतं, दुसऱ्या कोणाच्या नाही.

मी रिपोर्ट परत कपाटात ठेवला. म्हटलं, समजू दे मला आजारी. काय फरक पडतो?

फरक पडत होता. काकू माझी पार्सलं घेत राहिल्या, पण आता न उघडता द्यायला लागल्या. जिन्यात भेटल्या की बोलायच्या, पण भिंतीला खेटून. त्यांनी मजल्यावर कोणाला काही सांगितलं नाही, हे मात्र खरं. बाकी सगळ्या बायका माझ्याशी नेहमीसारख्याच वागत होत्या. मिस्त्रीला मी यातलं काही कळू दिलं नाही. त्याला उलट्यांचं सांगितलं होतं, तेवढ्यावरच त्याचा चेहरा उतरला होता. ‘माझ्यामुळे तुला हे,’ एवढं म्हणून तो ताटात बोट फिरवत बसला होता. काकूंचं कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी चपला घातल्या असत्या.

असे तीन आठवडे गेले. बाटलीत नऊ गोळ्या उरल्या. मी रोज सकाळी त्या मोजायचे, कँटीनमध्ये साखरेची पोती मोजते तशा.

त्या रविवारी मी त्याला चालेल तेवढं तिखट घालून बांगड्याचं तिखलं करत होते. तो येतोय हे मला जिन्यातल्या पावलांवरून कळतं, एक पायरी सोडून चढतो. पावलं खालच्या मजल्यावर थांबली. मी दार उघडलं. आमच्या जिन्यात कुजबुज केली तरी ती वरपर्यंत येते.

‘जरा थांब बाबा,’ त्याला गाठायला खाली जाऊन थांबलेल्या काकू म्हणत होत्या. ‘वाईट वाटून घेऊ नको. ती मला पोरीसारखी आहे. पण तूही कोणाचंतरी पोर आहेस. लग्नाआधी तिचं रक्त तपासून घे. ती गोळ्या घेते. त्या गोळ्या मी वॉर्डात पाहिल्यात.’

मी कठडा धरला. माझ्यासमोर सगळं दिसायला लागलं, की तो आता मागे वळणार, खाली उतरणार, आणि फोन करून म्हणणार, बघ मॅडम. 

मग त्याचा आवाज आला. ‘हे तुम्हाला कधी कळलं?’

‘तीन आठवडे झाले.’

‘तिला विचारलंत?’

‘काय विचारू रे?’

‘आणि ती काही बोलली? माझ्याबद्दल वगैरे?’

‘तुझ्याबद्दल काय बोलणार? काहीच बोलली नाही.’

 मग तो म्हणाला, अगदी हळू, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला, ‘काकू, आजार मला आहे. तिला काही नाही. तिला माझ्यापासून होऊ नये म्हणून ती गोळी घेते.’

त्याने हे आजवर डॉक्टर आणि मी सोडून कोणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःच्या सख्ख्या भावाला नाही.

तो वर आला. मी दारातच उभी होते, हातात पळी, डोळे वाहत होते आणि त्याला कांद्याचं निमित्त नव्हतं. तो चपला न काढता उंबऱ्यावर उभा राहिला.

‘तीन आठवडे गप्प बसलीस?’

‘मग काय करू? तुझं नाव घेऊ?’

 त्याने चपला काढल्या, आत आला, गॅस बारीक केला, कारण तिखलं खाली लागायला आलं होतं. ‘उद्या सुट्टी टाक,’ तो म्हणाला. ‘रजिस्टर ऑफिसला जाऊ.’

‘अजून नऊ गोळ्या आहेत.’

‘असू देत. त्या लग्नाची वाट बघत घे.’

पुढचं सगळं सरळ झालं. नोटीस लागली, मुदत संपली, आणि आम्ही सही करून आलो. साक्षीदार म्हणून त्याचा भाऊ, माझ्या कँटीनचा आचारी आणि काकू. काकूंनी सही करताना चष्मा तीनदा पुसला. मिस्त्रीचा रिपोर्ट हवा तसा आला, तसाच टिकला, आणि मुलुंडच्या डॉक्टरबाईंनी मला सांगितलं की आता गोळी थांबवली तरी चालेल. रिकाम्या बाटल्या मी टाकल्या नाहीत, त्यात त्याचे स्क्रू असतात. त्या समुपदेशक बाईला मी लग्नाचा दाखला दाखवायला गेले होते. ती म्हणाली, आता तुम्ही चौकोनात बसता. मी म्हटलं, आता मला नकोय, ठेवा तुमचा चौकोन. दोघी परत हसलो. मला मिस्त्रीबरोबर राहायला आवडतं. तो घोरतो, आणि घरातल्या प्रत्येक दाराची बिजागरी तपासतो, पण मला आवडतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा भिंतीपलीकडे काकूंच्या घरात भांडी वाजत होती. बराच वेळ वाजत होती. आमचं जेवण संपत आलं तेव्हा त्या आल्या. दार उघडंच होतं. हातात त्यांची स्वतःची काठाची वाटी, त्यात शेवयांची खीर, चमचा घालून. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वाटी मिस्त्रीसमोर ठेवली आणि म्हणाल्या, ‘खा.’

तो पोटभर जेवला होता. तरी त्याने चमचा उचलला आणि खायला लागला. काकू उभ्याच होत्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही, माझा राग अजून गेला नव्हता. त्याने अर्धी वाटी संपवली आणि हात थांबवला. ‘बस काकू, आता नाही जात,’ तो म्हणाला. ‘राहू दे, मी टाकतो नंतर.’

काकूंनी त्याच्यासमोरची वाटी उचलली. त्याच्या तोंडाला लागलेला चमचा तसाच वाटीत होता. त्या चमच्याने त्यांनी उरलेली खीर खायला सुरुवात केली. उभ्या उभ्या, घाई न करता, एकेक घास. शेवटी वाटी तिरकी करून तळाचं दूध प्यायल्या आणि बोटाने कड पुसून घेतली. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

‘त्या दिवशी तुझी खीर मी टाकलंय,’ काकू म्हणाल्या. ‘भियालंय गो.’

मी त्यांच्या हातातून ती वाटी घेतली. रिकामी परत द्यायची नाही म्हणून डब्यातली साखर काढली, आणि चिमूटभर न घालता वाटी इतकी भरली की साखर ओट्यावर सांडली.